पहिला ग्राहक वाळूजला राहतो

छत्रपती संभाजीनगरात लग्नाच्या पंगतीत बसलं, की शेजारच्या पानावरून हल्ली एक संवाद हमखास ऐकू येतो. "धाकटा काय करतो आता?" "इंजिनिअर झाला. मित्रांबरोबर स्टार्टअप काढलंय." विचारणारा घास हातात धरून थांबतो. "म्हणजे नोकरी नाही?" आणि मग, जिलबी वाढून झाल्यावर, जरा हळू आवाजात: "पण ते इथे कसं चालेल? त्याला पुणं किंवा बेंगळुरू लागतं ना?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर सोपं आहे, दुसऱ्याचं नाही. म्हणून आधी सोपं.

१. दुकान, कारखाना आणि स्टार्टअप

गुलमंडीवर एखाद्याने इमरतीचं नवं दुकान टाकलं, तर तो नवा व्यवसाय झाला. पण त्याला स्टार्टअप म्हणत नाहीत. इमरती लोकांना आवडते, तुपाचा भाव काय, किलोमागे किती सुटतं, हे सगळं आधीपासून माहीत आहे. दुकान चालेल की नाही हे जागेवर आणि हाताच्या चवीवर ठरेल, पण धंद्याची कृती सिद्ध झालेली आहे. स्टार्टअपमध्ये ती कृतीच शोधायची असते.

एक उदाहरण घेऊ. ते या प्रकरणभर आपल्या सोबत राहील. शहराचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं आणि नळाला ते काही दिवसांच्या अंतराने येतं. कधी पहाटे, कधी भर दुपारी. घरातलं कुणीतरी त्या वेळेसाठी अडकून पडतं. समजा, सिडकोतल्या दोन मैत्रिणींनी नळाच्या पाइपावर बसणारं छोटं उपकरण बनवलं: पाणी आलं, की फोनवर संदेश. कल्पना छान आहे, पण किती गोष्टी अजून माहीत नाहीत ते पाहा. लोक यासाठी पैसे मोजतील का? किती? आणि पाण्याआधी पाइपातून फुसफुसत हवा येते, तेव्हा उपकरण फसणार तर नाही? ही उत्तरं बाजारात तयार मिळत नाहीत. ती शोधण्यासाठी उभी केलेली कंपनी म्हणजे स्टार्टअप.

दुसरी खूण वाढीची. विद्यापीठाजवळच्या खानावळीत शंभर डब्यांना दोन आचारी लागत असतील, तर हजार डब्यांना साधारण वीस लागतील. काम दहापट झालं, की माणसंही दहापट. पाण्याच्या संदेशाचं सॉफ्टवेअर मात्र एकदाच लिहायचं. शंभर घरांना जे चालतं, ते थोड्या डागडुजीने दहा हजार घरांना चालतं. कमाई वेगाने वाढते आणि खर्च तिच्यामागून सावकाश चालतो, असा हा हिशेब असतो.

केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी 'स्टार्टअप इंडिया' मोहीम सुरू केली. तिच्या २०१९ च्या व्याख्येतही याच दोन खुणा आहेत: काहीतरी नवं किंवा सुधारलेलं, आणि वाढण्याची क्षमता. सोबत दोन अटी घातल्या होत्या: कंपनी दहा वर्षांच्या आतली हवी आणि तिची उलाढाल कोणत्याही वर्षी शंभर कोटींपुढे गेलेली नसावी. आणखी एक मजेशीर अट होती. चालू धंदा मोडून किंवा त्याची वाटणी करून काढलेली कंपनी चालत नाही. वडिलांचा कारखाना दोन भावांनी वाटून घेतला, तर ती वाटणीच राहते.

२. या शहराला धंदा नवा नाही

१९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि शहराचा तोंडवळा बदलला. एका मोठ्या कारखान्याला शेकडो सुटे भाग लागतात. ते पुरवण्यासाठी आजूबाजूला लहान युनिटं उभी राहिली. त्यांना इथे सगळे 'व्हेंडर' म्हणतात. अनुरंग जैन यांनी त्याच सुमारास इथे ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगचं काम सुरू केलं, बजाजसाठी. त्यातून एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज उभी राहिली. २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली आणि आज तिचे कारखाने इटली आणि जर्मनीतही आहेत. वाळूजच्या शेडपासून युरोपापर्यंतचा हा प्रवास इथल्याच मातीतला आहे.

पण व्हेंडर आणि स्टार्टअप यांच्यातला फरक नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. व्हेंडरच्या हातात दोन कागद असतात. पहिला ड्रॉइंगचा: काय बनवायचं आणि किती अचूक. दुसरा पीओचा, म्हणजे खरेदीची ऑर्डर: किती नग, काय भावाने. जोखीम असतेच, पण ग्राहक ठरलेला असतो. स्टार्टअपकडे यातला एकही कागद नसतो. ड्रॉइंग स्वतः काढायचं आणि पीओ देणाराही स्वतःच शोधायचा.

ठरलेल्या ग्राहकाला दुसरी बाजूही आहे. चितेगावचं व्हिडिओकॉन एके काळी या भागाचा अभिमान होतं. २०१८ मध्ये ते दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. मोठं झाड पडतं तेव्हा त्याच्या सावलीतली रोपंही उघडी पडतात. स्वतःचं उत्पादन आणि स्वतःचा ग्राहक असलेल्या कंपन्या शहरात हव्यात, या म्हणण्यामागे अशी कारणं आहेत.

३. रोपवाटिका

मिरचीचं बी कुणी थेट शेतात टाकत नाही. आधी वाफ्यात किंवा ट्रेमध्ये रोप करायचं, ऊन-वारा सोसेल इतकं झालं, की लागवड. 'इन्क्युबेटर' म्हणजे कंपन्यांची रोपवाटिका. तिथे बसायला जागा मिळते, इंटरनेट मिळतं, कंपनी नोंदणी आणि पेटंटचा सल्ला मिळतो आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे अनुभवी माणूस भेटतो. त्याला 'मेंटॉर' म्हणतात. 'ॲक्सिलरेटर' ही पुढची पायरी: रोप लागलं आहे, आता ठरावीक महिन्यांत खत-पाणी देऊन त्याला वाढवायचं.

शहरातली ओळखीची रोपवाटिका म्हणजे 'मॅजिक'. मराठवाडा ॲक्सिलरेटर फॉर ग्रोथ अँड इन्क्युबेशन कौन्सिल या लांबलचक नावाची ही आद्याक्षरं. ती उभी केली सीएमआयए या उद्योजकांच्या संघटनेने, म्हणजे चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड ॲग्रिकल्चरने. ही बाब वाटते त्याहून महत्त्वाची आहे. अनेक शहरांत इन्क्युबेटर कॉलेजात असतो. तिथे विद्यार्थी आणि प्राध्यापक भेटतात, कारखानदार भेटत नाही. इथे रोपवाटिकेचा माळीच कारखानदार आहे.

विद्यापीठही मागे नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनच्या योजनेत अशा केंद्राला पाच वर्षांत दहा कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं.

आपल्या दोन मैत्रिणींना मात्र खुर्ची आणि सल्ला पुरणार नाही. त्यांना उपकरणाची प्लॅस्टिकची डबी बनवायची आहे, आतलं सर्किट तपासायचं आहे, ओल लागली तर ते टिकतं का हे पाहायचं आहे. लॅपटॉपवर चालणाऱ्या कंपनीला हा त्रास नसतो. वस्तू बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून असतो. साचा बनवायचा म्हणजे टूलरूम लागते, आणि चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे आणि शेंद्र्याला देवगिरी इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर. 'क्लस्टर' म्हणजे महागडी यंत्रं आणि चाचणीच्या सोयी सगळ्यांनी मिळून वापरण्याची जागा. गावात प्रत्येकाकडे ट्रॅक्टर नसतो. भाड्याने मिळतो म्हणून नांगरणी अडत नाही, तसंच हे.

४. टाकीतलं पाणी

आता पैशाकडे येऊ. नवी कंपनी कशाने बंद पडते? बहुतेक वेळा कल्पना चुकली हे कळून ती सुधारेपर्यंत पैसे संपतात. या हिशेबाला इंग्रजीत 'रनवे' म्हणतात. विमानाच्या धावपट्टीपेक्षा आपल्या शहरातल्या माणसाला पाण्याची टाकी लवकर समजेल.

छतावर हजार लिटरची टाकी आहे. घरात रोज दोनशे लिटर लागतं. म्हणजे पाच दिवस. पाणी सहाव्या दिवशी आलं, तर एक दिवस शेजाऱ्याकडे बादली घेऊन जावं लागेल. कंपनीचंही असंच. समजा, बँकेत सहा लाख रुपये आहेत. पगार, भाडं, सुटे भाग मिळून महिन्याचा खर्च ७५ हजार. विक्रीतून महिन्याला २५ हजार येतात. म्हणजे टाकीतून दर महिन्याला ५० हजार जातात. सहा लाख भागिले ५० हजार, बारा महिने. बारा महिन्यांत एकतर विक्री वाढायला हवी, नाहीतर बाहेरून पैसे यायला हवेत.

इथे लहान शहराचा एक फायदा दिसतो. खर्च ५० हजारांवर आणला आणि विक्री तितकीच राहिली, तर टाकीतून फक्त २५ हजार जातील आणि तेच सहा लाख चोवीस महिने पुरतील. आई-वडिलांच्या घरी राहणं, घरचा डबा, दुचाकीवर वीस मिनिटांत गाठता येणारं ऑफिस, या गोष्टींना कंपनीच्या ताळेबंदात रकाना नसतो. पण त्यांच्यामुळे चुका सुधारायला दुप्पट वेळ मिळतो.

५. पैसे कोण देतो आणि बदल्यात काय घेतो

सुरुवातीचे पैसे घरचे. मग अनुदान: केंद्राच्या २०२१ च्या सीड फंड योजनेत इन्क्युबेटरमार्फत नमुना बनवण्यासाठी २० लाखांपर्यंत मदत मिळण्याची तरतूद होती. 'सीड' म्हणजे बियाणं. शब्द शेतकऱ्याचाच आहे. त्यापुढे येतात 'एंजल' गुंतवणूकदार, म्हणजे स्वतःच्या खिशातून लहान कंपनीत पैसे लावणारी माणसं.

या शहरात पैसा नाही असं म्हणणाऱ्यांना २०१० चा ऑक्टोबर आठवत नसेल. तेव्हा इथल्या लोकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एकदम घेतल्या होत्या. किंमत सुमारे ६५ कोटी. देशभर बातमी झाली. सगळ्यांनी मिळून खरेदी केली, की भाव चांगला मिळतो, हे व्यापारी शहाणपण त्यामागे होतं. गाडी दारात दिसते, प्लॉट सातबाऱ्यावर दिसतो. स्टार्टअपमधला हिस्सा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो नेमका कसा मोजतात, ते पाहू.

आपल्या मैत्रिणींच्या कंपनीत दोघींचा निम्मा-निम्मा वाटा आहे. एका उद्योजकाने २० लाख देऊन १० टक्के हिस्सा घेतला. १० टक्क्यांचे २० लाख, तर १०० टक्क्यांचे दोन कोटी. ही झाली कंपनीची किंमत, कागदावरची. मैत्रिणींकडे आता ४५-४५ टक्के उरले. वर्षभराने दुसऱ्याने एक कोटी देऊन २० टक्के घेतले. कंपनीची किंमत झाली पाच कोटी. जुन्या सगळ्यांचे वाटे पाचव्या हिश्शाने घटले: मैत्रिणींचे ३६-३६, पहिल्या उद्योजकाचे ८ टक्के. ८ टक्के ऐकायला १० पेक्षा कमी, पण पाच कोटींचे ८ टक्के म्हणजे ४० लाख. भाकरीचा तुकडा लहान झाला, पण भाकरीच मोठी झाली.

अर्थात कंपनी बुडाली, तर ४० लाखही कागदावरच राहतात. हे कर्ज नव्हे. हप्ता नाही, तारण नाही आणि परतीची हमीही नाही. म्हणून शहाणा एंजल सगळी रक्कम एका कंपनीत लावत नाही. पूर्वी अशा गुंतवणुकीवर कंपनीला जाचक कर लागण्याची भीती असे. तो 'एंजल टॅक्स' २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

६. पहिला ग्राहक

पैसे मिळाले, उपकरण तयार झालं. तरी कंपनी अजून सिद्ध झालेली नाही. ती सिद्ध होते अनोळखी माणसाने पैसे मोजल्यावर. काका-मामांनी घेतलेली पाच उपकरणं मोजायची नसतात.

आणि इथेच वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहती कामी येतात. एक कारखान्यातलं उदाहरण सोडवून पाहू. एका युनिटमध्ये दहा प्रेस मशीन आहेत. ब्रेकडाउन, सेटिंग, माल संपणं अशा कारणांनी प्रत्येक मशीन रोज एक तास बंद राहतं. मशीनचा तासाचा दर ४०० रुपये धरू. दिवसाचं नुकसान चार हजार, पंचवीस दिवसांचं एक लाख. एखाद्या स्टार्टअपने मशीन कधी आणि का थांबलं हे टिपणारं यंत्र बसवलं आणि बंद वेळ निम्म्यावर आला, तर मालकाचे महिन्याला ५० हजार वाचतात. त्यासाठी तो दहा हजार रुपये भाडं देईल का? भाषण नको, जाहिरात नको. महिनाभर एका मशीनवर बसवून दाखवायचं. याला 'पायलट' म्हणतात.

बेंगळुरूच्या उंच इमारतीत बसून हे सॉफ्टवेअर लिहिता येईल. पण रात्रपाळीचा ऑपरेटर मशीन थांबल्यावर कारण नोंदवायला कंटाळतो आणि दर वेळी पहिलंच बटण दाबून मोकळा होतो, हे तिथे कळणार नाही. ते शॉप-फ्लोअरवर उभं राहून, तेलाच्या वासात कळतं. ज्याला सकाळी ही तक्रार ऐकून संध्याकाळी सुधारणा घेऊन परत येता येतं, तो जिंकतो.

आता काटेरी भाग. कारखानदाराचा पहिला प्रश्न असतो, "आधी कुणाकडे बसवलंय?" कुणाकडेच नाही, म्हणून पहिली ऑर्डर मिळत नाही, ऑर्डर नाही, म्हणून दाखवायला कुणी नाही. दुसरा काटा उधारीचा. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करायचं असतं. पण मोठ्या ग्राहकाशी भांडायला लहान पुरवठादार धजत नाही. टाकीचं गणित आठवा: पैसे तीन महिने अडकले, तर नफ्यातली कंपनीही कोरडी पडते.

हे दोन्ही काटे सॉफ्टवेअरने निघत नाहीत. ओळखीने आणि भरवशाने निघतात. उद्योजकांच्या समुदायाचा खरा उपयोग इथे आहे. संघटनेतला एक ज्येष्ठ कारखानदार म्हणतो, "माझ्याकडे लावा, चाललं तर दोघांना सांगतो." त्या एका वाक्यावर पहिला ग्राहक मिळतो.

७. वर्षभरात काय काय घडतं

या समुदायाचे कार्यक्रम बाहेरच्याला सारखेच वाटतात: बॅनर, माइक, चहा. प्रत्येकाचं काम मात्र वेगळं आहे.

'मीटअप' म्हणजे कट्टा. कुणी निकाल लावत नाही. कुठला सर्किटवाला बरा, कुठला हिशेबनीस स्टार्टअपचं काम समजतो, ही माहिती इथे मिळते.

'हॅकॅथॉन' म्हणजे ठरावीक तासांत प्रश्न सोडवण्याची शर्यत. २०१७ पासून चालू असलेल्या स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनच्या सॉफ्टवेअर विभागात अंतिम फेरी सलग ३६ तासांची असते आणि प्रश्न बहुतेक सरकारी खात्यांनी दिलेले असतात. शहरातल्या अभियांत्रिकी कॉलेजांमधल्या मुलामुलींना कंपनीची पहिली चव बहुधा अशाच रात्री लागते. हॅकॅथॉनमधून क्वचितच कंपनी निघते. जोडीदार मात्र सापडतात.

'पिच' म्हणजे पाच-दहा मिनिटांत मांडणी: प्रश्न काय, उपाय काय, पैसे कोण देईल. 'डेमो डे' म्हणजे इन्क्युबेटरमधल्या तुकडीने गुंतवणूकदारांपुढे चालतं उत्पादन दाखवायचा दिवस, कृषी प्रदर्शनातल्या शिवार फेरीसारखा.

दरवर्षी १६ जानेवारीला राष्ट्रीय स्टार्टअप दिन असतो. राज्य पातळीवर महत्त्वाचा आहे महाराष्ट्र स्टार्टअप वीक. राज्य नावीन्यता सोसायटीने तो २०१८ मध्ये सुरू केला. त्यात निवड झालेल्या कंपन्यांना बक्षिसाचा चेक मिळत नाही. सरकारी खात्यात उत्पादन वापरून दाखवण्याच्या कामाची ऑर्डर मिळते. म्हणजे सरकार स्वतः पहिला ग्राहक होतं. "आधी कुणाकडे बसवलंय?" या प्रश्नाला याहून वजनदार उत्तर नाही. आपल्या मैत्रिणींनी कुठल्या एका कार्यक्रमावर नजर ठेवायची असेल, तर ती यावर. त्यांचा प्रश्न पाण्याचा आहे, आणि पाणी सोडणारी यंत्रणा सरकारीच आहे.

एखाद्या कार्यक्रमाला जावं की नाही, याची कसोटी सोपी आहे. तिथे वापरणारा किंवा विकत घेणारा माणूस भेटणार आहे का? असेल तर जा. नुसतेच स्टार्टअपवाले भेटणार असतील, तर वर्षातून दोनदा पुरे.

८. मग पुण्याला जायचं की नाही?

पंगतीतला दुसरा प्रश्न उरला. उत्तर धंद्यागणिक बदलतं. बँकांसाठी सॉफ्टवेअर करायचं असेल, तर ग्राहक मुंबईत आहे. पंचवीस अनुभवी प्रोग्रामर लगेच हवे असतील, तर पुणं बरं. इथून शिकून निघालेली मुलंच तिथे भेटतील. पण प्रश्न यंत्राचा, सुट्या भागाचा, औषधनिर्मितीचा, कापसाचा, मोसंबीचा किंवा पाण्याचा असेल, तर ज्याला तो सतावतो तो माणूस इथेच राहतो.

एथर एनर्जीचं पाहा. आयआयटी मद्रासमधून शिकून निघालेल्या दोन तरुणांनी २०१३ मध्ये ही विजेच्या स्कूटरची कंपनी काढली. तिची वाढ झाली दक्षिणेत. २०२४ मध्ये तिने नव्या कारखान्यासाठी जागा जाहीर केली ती इथल्याच ऑरिक या औद्योगिक नगरीतल्या बिडकीनची. कल्पना कुठेही सुचते. स्कूटर मात्र सुटे भाग घडवणारे हात जिथे आहेत तिथे परवडते.

विखुरलेलं थोडं थोडं एकत्र आणण्याची जुळवाजुळव या शहराने पूर्वी केलेली आहे. मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली तेव्हा शहराला पाणी आणलं ते जमिनीखालच्या नहरीने. तिला मोठी नदी लागली नाही. उत्तरेकडच्या डोंगराळ भागात जमिनीत झिरपणारं पाणी थोडं थोडं गोळा करायचं आणि नुसत्या उताराने शहरापर्यंत न्यायचं. वाटेत ठिकठिकाणी उघडी तोंडं ठेवली, म्हणजे गाळ काढता यावा. स्टार्टअपचा समुदाय म्हणजे अशीच नहर. एका कॉलेजातली कल्पना, एका टूलरूममधला साचा, एका एंजलचे वीस लाख, एका कारखानदाराचा "लावा माझ्याकडे", हे सगळे झिरपे. प्रत्येक वेगळा राहिला, तर जागच्या जागी जिरतो. आणि नहरीचा गाळ वेळोवेळी काढावा लागतो. थकलेली बिलं आणि कुणी न वापरलेले सल्ले हा तो गाळ.

तेव्हा पुढच्या पंगतीत "स्टार्टअप काढलंय" असं ऐकलंत, तर "नोकरी नाही का?" ऐवजी दुसरा प्रश्न विचारून पाहा: "पहिला ग्राहक कोण?" नाव सांगता आलं, तर मुलगा कामाला लागलाय. सांगता आलं नाही, तर जिलबी संपायच्या आत त्याची ओळख एखाद्या वाळूजवाल्याशी करून द्या. तो बहुधा समोरच्याच पंगतीत बसलेला असेल.